इतर (एका ओळीत लिहा)

सरांनी वाटलेली प्रश्नावली, पान दुसरं:
उद्योजक व्हावंसं का वाटतं?
स्वातंत्र्य, पैसा, प्रतिष्ठा,
असे तीन चौकोन,
आणि खाली ‘इतर’,
त्यापुढे वीतभर टिंबं.

मुजावरने तिन्ही चौकोनांत खुणा केल्या
आणि ती चहाला गेली.
मी पेनाचं टोपण चावत बसलो.

कर्वेनगरच्या मेसमध्ये
गोदाक्कांचं कणीक मळायचं यंत्र बंद पडलं होतं.
कंपनीचा माणूस वाकूनसुद्धा न बघता म्हणाला,
मोटर गेली, नवीन घ्या, अकरा हजार.
आक्का काही बोलल्या नाहीत.
पदर खोचून परातीशी बसल्या.
ऐंशी पोरांची कणीक, दोन मनगटं.
आम्ही समोर ताक पीत होतो.

मोटर गेलीच नव्हती.
आतलं एक नायलॉनचं चाक,
त्याचे तीन दात झिजलेले.
(याच धड्यात माझी एटीकेटी आहे.)

तापकीर गल्लीत नाही मिळालं,
रविवारी जुन्या बाजारात नाही.
शेवटी भोसरीत लोंढेमामांच्या शेडमध्ये
पितळेच्या गोळ्यातून कापून काढलं,
मापं मुजावरची,
आणि मी मशीनला हात लावायचा नाही, या अटीवर.
दोन दिवस बोटांना पितळेचा वास.

यंत्र आधी कुरकुरलं, मग फिरलं.
आक्कांनी साखरेच्या डब्यातून पाचशेची नोट काढली.
आम्ही नको नको म्हणालो.
त्या म्हणाल्या, ‘फुकट केलंत
तर पुन्हा बिघडल्यावर भांडू कुणाशी?’

इतकं हक्काचं
आजवर कुणी मला बोललं नव्हतं.
परीक्षकसुद्धा नाही.

हिंजवडीचं नेमणूकपत्र बॅगेत आहे,
साडेतीन लाख, वर्षाला,
आणि दोन वर्षांचा बाँड.
बार्शीत आईने पेढे वाटले.
वाटलेले पेढे परत कसे मागतात,
हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

सर कागद गोळा करत आले.
टिंबांवर मी घाईत लिहिलं: तीन दात.
त्यांनी चष्मा वर करून वाचलं,
म्हणाले, अक्षर सुधारा,
आणि पुढच्या बाकाकडे गेले.

खिशात फोन थरथरतोय.
धायरीहून कुणी शिरोळे,
सकाळपासून तिसऱ्यांदा.
त्यांच्याकडे तसलीच दोन यंत्रं आहेत म्हणे.