चुंबळ

कुमासीच्या बाजारात आमची वही
बिस्किटाच्या एका डब्यात राहते.
मी नववीपर्यंत शिकले, म्हणून हिशेब माझ्याकडे.
बाकीच्यांची अक्षरं त्यांच्या मानेत आहेत,
टोमॅटोच्या पेट्यांनी, कंदांच्या गोण्यांनी गिरवलेली.

भिशी आधीपासून होती.
दर शनिवारी पाच सेडी, पाळीपाळीनं एकीच्या ओंजळीत सगळी रक्कम;
कुणी नवं घमेलं घेतलं,
कुणी तमालेची बस धरली आईला बघायला.

मग विम्याचा माणूस आला.
मालकाचं नाव? त्यानं विचारलं.
फुसेइना इतकी हसली
की डोक्यावरचं घमेलं खाली उतरवावं लागलं.
मालक म्हणजे जी बाई हाक मारते ती,
दुकानापासून बसपर्यंत, तेवढ्यापुरती.
पत्ता?
चपलांचं दुकान बंद झालं की त्याची पायरी.
पगार?
आजचा सांगते, उद्याचा उद्या विचार.
त्यानं पेनाला टोपण लावलं.

तेव्हा अझारा, आमच्यातली वयानं मोठी, म्हणाली,
एकेकीचं लिहू नकोस, बाबा.
एकेकटी आम्ही आम्हालाच सापडत नाही.
डब्याचं नाव लिही.
डबा दर शनिवारी इथेच असतो.

वरच्या साहेबाला हे पटायला दोन महिने गेले.
मग अडतीस कार्डं आली,
फोटोत सगळ्याच रागावलेल्या.
भिशीचे पाच, विम्याचा एक.
कुरकुर व्हायची ती झाली.
आजारी पडले नाही तर पैसे परत का, फुसेइना म्हणे.
मी म्हटलं, डोक्यावर ओझं नसतं
तेव्हा चुंबळ का जपून ठेवतेस?
माझंच उत्तर मला फार आवडलं होतं.
ती म्हणाली, चुंबळ जुन्या कापडाची असते. फुकट.

मेमुनातू सोळाची.
दोन शनिवार रिकाम्या हातानं आली, तिसऱ्या शनिवारी आलीच नाही.
नियम आमचाच, अंगठे उठवून केलेला:
तीन चुकले की नाव कमी.
त्या रात्री मोबाइलच्या उजेडात
तिच्या नावापुढे तीनदा मी लिहिलं, दिला.
अक्षर मुद्दाम तिरपं काढलं, घाईत लिहिल्यासारखं.
ते तीन सेडी माझे होते की डब्यातले,
हे आज विचारू नका.

बुधवारी ती गटारावरच्या फळीवर कोसळली, पेटीसकट.
दवाखान्याच्या खिडकीतली बाई त्वी बोलायची, आम्ही दागबानी.
कार्ड मात्र दोन्हीकडे कळलं.
मलेरिया, आणि पोटातलं,
जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.
ते राहिलं नाही. ती राहिली.
एक औषध यादीत नाही, खिडकी म्हणाली.
अझारानं मुकाट्यानं कमरेची गाठ सोडली.

काल शनिवार.
मेमुनातू आली भिंत धरत धरत,
मुठीतली तीन नाणी काढून
सगळ्यांसमोर डब्याच्या झाकणावर ठेवली.
वहीतले तिचे तिन्ही चौकोन भरलेले.
फुसेइना माझ्या खांद्यावरून वाकली.
तिला वाचता येत नाही,
पण भरलेला चौकोन रिकाम्याहून काळा असतो
एवढं येतं.
काही बोलली नाही.
डोक्यावरची चुंबळ सोडली, कापड झटकलं
आणि मेमुनातूला बसायला अंथरलं.

मी पेन धरून होते,
नाणी कुठल्या रकान्यात मांडायची ते शोधत.