गळती-चाचणी

तीनशे मिली पाणी, एक मिनिट.
टांगलेल्या पिशवीखाली मी टिपकागद धरते.
मे महिना, मेडिकलमागची जुनी लॅब.
कूलरचा पंप गळतोय,
हिच्यातून थेंब नाही.
लिहिते : पास.

बाहेर बाकावर हिरकन्या, पाचपावलीची.
तिसरी भेट. फॉर्म वाचते मी –
सरकलं? फाटलं? आग झाली?
"नाही. नाही. पह्यल्या दिवशी थोडी."
नवरा काय म्हणाला?
ती स्कार्फची गाठ सोडते.
"मी त्याले इचारलं नाही, मॅडम.
सांगतलं."

याला रकाना नाही.
समासात पेन्सिलने लिहिते,
खोडते,
पुन्हा लिहिते, या वेळी पेनने.

सहीनंतर ती दारात थांबते :
"हा अभ्यास संपला का,
मंग कुठी भेटन हे?"

टपटपत राहतो कूलर.
मी पुढच्या पिशवीत पाणी ओतते.