तोल जाण्याची जागा

वेल्डिंगचा मुखवटा वर सारून ऑर्विल म्हणतो,
अॅक्सल अजून चार बोटं मागं घे.
चाकांवरच्या कुणाच्या घराचा हा सांगाडा,
सस्कॅचेवानच्या वाऱ्यात तीन हिवाळे उताणा पडलेला;
त्याचाच आता ट्रेलर.

खडूची रेघ दोनदा पुसली.
बिजागरीचा दांडा ट्रॅक्टरचा आहे,
कुणाच्या ते विचारू नका.

इथं तोल सांभाळायचा नसतो, तो सांगतो,
तो कुठं जाणार ते ठरवायचं असतं.
या इंचापर्यंत शेपूट जमिनीला,
पुढच्या इंचाला
अख्खा पाट आपणहून खाली बसतो.
ढकलायचं नाही कुणी.

रविवारी सिग्नेच्या कोठारातून
तिच्या नवऱ्याची निळी गाडी काढली.
टायर बसलेले, सीटखाली उंदरांचा संसार.
विंच कुरकुरत ओढत राहिली.
सिग्ने कोटात हात घालून उभी,
अकरा वर्षं उभी असल्यासारखी.

मग धाडकन पाट बसला,
खटका लागला.
कोठारावरची कबुतरं उडाली.
सिग्ने म्हणाली,
एवढंच होतं?

ऑर्विलनं ऐकलं नाही.
तो खाली वाकून
मागच्या दिव्याची तार शोधत होता.