काठाला कडी

पाटलांचं गुऱ्हाळ मोडलं त्या साली
भंगाराच्या भावानं आम्ही काहील आणली.
तळाला अजून काकवीचा वास होता,
पहिले आठ दिवस मुंग्याही आमच्यासोबत
भोगावतीच्या फुगवट्यात फिरून आल्या.

गोल भांडं. त्याला पुढं नाही, मागं नाही.
वल्हं मारलं की आधी स्वतःभोवती फिरतं,
मग निघतं.
आणि काठ असा गुळगुळीत,
वर्षानुवर्षं फावड्यांनी घासलेला,
की त्यावर टेकवलेली कुठलीही वस्तू
पाण्याच्या मालकीची.

पहिल्या वर्षी गेली ती एक बॅटरी.
जर्मनचा डबा, भाकरीसकट.
हिंदुरावांच्या चपला, त्या तरंगल्या म्हणून मिळाल्या.
आणि तीनशे हात कंडाळ:
शेवटचं टोक कुणाच्या हातात आहे
हे मी त्यांना विचारलं, त्यांनी मला विचारलं,
तोवर शिशाचे मणी काठावरून
टकटकटकटक
मोजत मोजत उतरून गेले.

सहा हजारांचं जाळं.
चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.
मीही पैशाचंच धरून बसले होते.

मग उन्हाळ्यात, पाणी मागं हटल्यावर,
बुडालेल्या गावठाणातल्या चिंचेच्या खोडाशी
आमचा गळ अडकला. ओढला तर जड.
माझ्या हातची निळी गाठ मी लांबूनच ओळखली.
इतके महिने मालक नव्हता
तरी जाळं कामावर होतं.
कटल्याचे नुसते काटे,
त्या कटल्याला खायला आलेली वाम,
आणि वामीच्या वासानं आलेलं कासव:
पाठ तेवढी शाबूत, आत चिखल.
यातलं काही बाजारात गेलं नव्हतं,
कुणाच्या कालवणात पडलं नव्हतं.
हिंदुराव विळ्यानं दोर कापत राहिले.
कासवाकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात टेम्पोत काहील पालथी घातली
आणि गाठलं उद्यमनगर.
दस्तगीर मेस्त्रींनी डोळ्यांवरची काच वर केली.
"गळती लागली व्हय?"
"न्हाई. काठाला आठ कड्या पायजेत."
"कायलीला कड्या? म्हैस बांधताय का काय?"
मग मी सांगितलं.
जाळ्याच्या दोन टोकांना दोन,
वल्ह्याला, गळाच्या दोराला, बॅटरीला,
डब्याला, बादलीला, आणि एक
काय आठवेल त्याला.
"आनि तुमाला?"
"मला पवाय येतंय. जाळ्याला न्हाई."

सातवी कडी लागली आणि लाईट गेली.
आठवी त्यांनी संध्याकाळी, घाईत बसवली.
ती जरा वाकडी आहे.
अंधारात चाचपून मोजताना
तिच्यावरच माझं बोट येऊन थांबतं:
झाल्या. आठ. सोडा आता.

प्रत्येक बोयावर तापल्या खिळ्यानं
मी नाव कोरलंय, गावाचं आणि आमचं.
शेजारची पोरं हसली:
मासं काय वाचून अडकनार हाईत?
वाचू देत की कुणीतरी.
हरवलंच कधी, तर ज्याला घावंल
त्यानं घरी आणून टाकावं,
किंवा निदान वर काढून ठेवावं.

परवा राधानगरीकडून वारा उठला.
काहील भोवऱ्यागत फिरली,
मी वल्ह्यासकट आडवी झाले,
आणि जाळ्याचा ढीग घसरला काठावरून,
मणी पुन्हा टकटकटकटक,
तोच आवाज, तोच वेग,
माझ्या पोटात गेल्या सालचं पाणी.

मग कडी वाजली.
एकदाच, देवळातल्या लहान घंटेगत नाही,
गोठ्यात म्हैस मान झटकते तशी.
दोर ताणला. थांबला.

हिंदुराव बराच वेळ त्या वाकड्या कडीकडं बघत होते.
म्हणाले, दस्तगीरला एक मरळ पोचवाय पायजे.
मी म्हटलं, आधी जाळं वर घ्या.