सिंकखाली

जेना आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.
केंद्रापाड्याचा माणूस, पंधरा वर्षं घणसोलीत,
मराठी वॉचमन लोकांकडून शिकलेला.
मशीनकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
बादली मागितली, नळ पूर्ण सोडला
आणि मनगटावर सेकंद मोजत उभा राहिला.
"टाकी तुमच्या डोक्यावर एकच मजला.
प्रेशर कमी आहे साहेब. पण चालेल."

प्रेशर मला सांगतोय!
चौतीस वर्षं तुर्भ्याच्या कंपनीत पंपांमागे काढली मी.
मग मीच सांगत सुटलो:
इनलेटला वेगळा अँगल कॉक,
सोळा अँपिअरचा सॉकेट ओट्याच्या त्या टोकाला,
पाण्यापासून हातभर लांब.
जेना हो हो करत राहिला,
आम्ही मॅनेजरला करायचो तसा.

फेब्रुवारीत शैलजाचं मनगट मोडलं.
आत तार आहे अजून.
मृण्मयीनं तिकडून दोन खोकी पाठवली,
एकात भांडी धुणारं यंत्र, एकात खरकटं दळणारं.

दुसरं जेनानं हातात तोललं,
नारळ पारखावा तसं, आणि बाजूला ठेवलं.
"याच्या कडेला आत एक बूच असतं.
ते ठोकून काढलं नाही तर मशीनचं पाणी अडतं.
लोक विसरतात, शिव्या मला.
पण राहू द्या ते बूच.
तुमचा उभा पाइप सिडकोच्या वेळचा, तीन इंची,
आतून दोनच उरला असेल.
तुम्ही इथे भेंडीची देठं दळाल,
ती खालच्या कुरियनबाईंच्या सिंकमधून वर येतील."

"मग नकोच," शैलजा म्हणाली,
"आणि माझ्या कढीपत्त्याला काय घालू?"

ड्रेनचा पाइप त्यानं सरळ खाली नेला नाही.
आधी वर चढवला, ओट्याच्या पोटाला टेकेपर्यंत,
तिथे क्लिप मारली, मग उतरवला.
नाहीतर सिंकचं पाणी मागे फिरतं म्हणे,
धुतलेल्या ताटांत येतं.
हे मला माहीत होतं.
यातलं सगळंच मला माहीत होतं.

मग तो डोकं घालून आत शिरला, टॉर्च दातांत धरून,
आणि आतून आवाज आला,
"साहेब, ही वाटी कशाला?"

स्टीलची वाटी. बुडाला माझ्या आईचं नाव कोरलेलं.
अर्धी भरलेली.
वर ट्रॅपच्या वाकणाला
जुन्या परकराची पट्टी, नाडीनं आवळून.

"थेंब पडतो तिथे. झोपताना ओतते मी."
कधीपासून?
"मृण्मयीची बारावी होती ना, तेव्हापासून."

मृण्मयीचा मुलगा आता चौथीत आहे.

तुर्भ्याला मी डोळे मिटून सांगायचो
कुठल्या पंपाची ग्लँड गळतेय.
मिनिटाला किती थेंब, लॉगबुकात, तारीख, सही.
सहा नंबरसाठी एकदा रात्री दोन वाजता
स्कूटर काढून गेलो होतो.
तेव्हाही ही भरत असणार,
माझ्या उशीपासून पंधरा पावलांवर.

बोलली का नाहीस?
"त्यात काय बोलायचं. थेंबच तर होता."

जेनानं चिंधी सोडली, वाकण उघडलं,
चिरलेली रबरी रिंग माझ्या तळहातावर ठेवली.
पाच रुपयांची. नवी बसवली.
तिचे पैसे घेतले नाहीत.

दुपारी मशीन पहिल्यांदा चाललं.
शैलजा समोर स्टूल घेऊन बसली,
डावा हात उजव्यावर ठेवून,
दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसावं तशी.
दोन तास.
उठ म्हटलं तर म्हणाली, "ऐकतेय."

रात्री अकराला ती सवयीनं उठली. मागोमाग मी.
तिनं दार उघडून वाकणाखाली बोट फिरवलं,
मीही फिरवलं.
कोरडं.
तरी वाटी पुसून तिनं परत तिथेच सरकवली.
"असू दे."

आता झोपताना ती वाटी मी बघतो.
लिहून ठेवत नाही.