पोर्चचा दिवा

एकतीस ऑक्टोबर.
मॅनिटोबात या दिवसांत संध्याकाळ नसतेच,
दुपार संपते आणि थेट रात्र सुरू होते.
पापा, तुमच्या शिरस्त्याप्रमाणे
मी पोर्चचा दिवा घालवलाय, पडदे ओढलेत,
आणि स्वयंपाकघरात बसून
सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडतेय,
चवीने नव्हे, सवयीने.

मी आठ वर्षांची होते तेव्हा
ट्रूडी फ्रीझनला तिच्या आईने फुलपाखरू केलं होतं.
पंख जाड कोटावरून बांधलेले,
कारण आमच्याकडे राक्षसालाही
आधी कानटोपी घालावी लागते.
पडद्याच्या फटीला मी डोळा लावला.
तुम्ही म्हणालात, आगाथा, मागे हो.
आवाज चढवला नाहीत. तो कधीच चढला नाही.
म्हणालात, जे अंधाराचं आहे
त्याला अंधारातच राहू दे.
आणि आपण चौघं बसून राहिलो.
अंधारात.

यंदा मंडळीच्या सभेत पुन्हा तोच विषय.
तळघर, कॉफीचं मोठं भांडं, आलुबुखारचा केक.
हाइनरिख लोएपकी म्हणाला,
मरण ज्यानं जिंकलं त्याच्या लेकरांनी
प्लॅस्टिकच्या हाडांना का भ्यावं?
दोघंतिघं हसले. पाळकसुद्धा, थोडेसे.
मग सारा पेनर उठली.
तिचा योनास मार्चमध्ये नदीवरच्या बर्फातून खाली गेला,
तुम्ही असताना हे झालं नव्हतं.
ती म्हणाली, शेजाऱ्यानं अंगणात थडगी मांडलीत.
थर्मोकोलची. एकावर नाव म्हणून काहीतरी विनोद लिहिलाय.
कामाला जाताना रोज मी त्यांच्यासमोरून जाते.
शास्त्रात काय आहे ते तुम्ही बघा,
मला एवढंच सांगा,
यात हसायचं नेमकं कुठे असतं?

कोणीच बोललं नाही. कोणीतरी कॉफी ओतली.
ठराव झाला नाही.
'ज्याने त्याने आपल्या विवेकाप्रमाणे',
चिटणिसाने वहीत लिहिलं,
आणि आपापला विवेक सगळ्यांनी घरी नेला,
उरलेल्या केकसारखा, कागदात गुंडाळून.

दारावर टकटक झाली.

दिवा नसलेल्या घरी जायचं नाही
हा पोरांचाच नियम.
मी दार उघडलं.
पायरीवर एक भूत. चादरीखाली फुगलेला कोट,
डावा बूट उजव्या पायात.
कुंपणापाशी आणखी तिघं, पळायच्या बेतात.
पैज लागली असणार.
भुतानं आवंढा गिळला.
"आजी, तुम्ही जिवंत आहात ना?"

"सगळे म्हणतात इथे भूत राहतं.
दरवर्षी फक्त याच घरात काळोख असतो."

ऐकताय ना, पापा?
चौपन्न वर्षं आपण ज्यांना दार उघडलं नाही
त्यांनी आपल्यालाच भुतं ठरवलं.

हसू येत होतं. पण सारा आठवली.
मी नुसता हात पुढे केला.
त्यानं हातमोजा दातांनी ओढून काढला,
माझा तळवा बोटानं दाबून पाहिला,
एकदा, मग खात्रीसाठी पुन्हा.
"गरम आहे!" तो कुंपणाकडे ओरडला.

घरात चॉकलेट नव्हतं. कसं असणार?
उशीच्या अभ्र्याची त्याची पिशवी,
तिच्यात मूठभर बिया टाकल्या.
"हे काय?"
"आमच्याकडचा खाऊ. सालं चर्चच्या पायरीवर थुंकू नकोस."

उद्या सारा भेटेल, दुकानात किंवा पोस्टात.
तिला सांगायचं का, आणि काय,
अजून ठरलं नाही.

आणि तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगते:
हो, लावला.
पायऱ्यांवर बर्फ होता,
पोर पडलं असतं.
तेवढ्यासाठीच लावला होता.
मग घालवायचा राहिला.