अळणी

नदीचं नाव करंट.
फोनवर जाऊबाई हसल्या, "करंटी नदी?
सहलीला चाललात की भांडायला?"
म्हटलं, वांगं भाजायला.

खरंच, तेवढ्यासाठीच.
सेंट लुईसला आमच्या तिसऱ्या मजल्यावर
वांग्याचं साल जरा कुठे तडतडलं
की छताचा भोंगा बोंब ठोकतो
आणि हेरंब खुर्चीवर चढून
टॉवेलने वारा घालत त्याची समजूत काढतो.
ओव्हनमध्ये, फॉइलच्या गोधडीत उकडलेलं वांगं
आम्ही सतरा वर्षं भरीत म्हणून खाल्लं.

मग हा जून. हा गोट्यांचा काठ.
साल सोलवटलेली सायकॅमोरची झाडं.
पाणी इतकं गार की पाय घोट्यापाशी संपतात,
इतकं नितळ की मासा
आपल्याच सावलीवर तरंगताना दिसतो.
तंबूचा एक दांडा घरी राहिला होता,
त्याच्या जागी वल्हं उभं केलं.
एका खांद्याने पडलाय, हेरंब म्हणाला,
माझ्यासारखा.

फेब्रुवारीपासून त्याच्या छातीत दोन स्टेंट आहेत,
पेनातल्या स्प्रिंगसारखे.
डॉक्टरीणबाई एकेक बोट मिटत सांगत होत्या:
तळलेलं नको, जागरण नको,
आणि मीठ...
इथे त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं.
एवढंसं.

लाकडं ओली. तीनदा जाळ विझला.
चौथ्यांदा तो गुडघ्यांवर बसून फुंकर घालू लागला.
मी ओरडले, जोर लावू नकोस!
मग तू फुंक, म्हणाला.
मी फुंकलं, डोळ्यांत धूर गेला
आणि किती दिवसांनी
रडायला एक साधं कारण मिळालं.

निखाऱ्यांत वांगं ठेवलं.
कूलरच्या झाकणावर भाकरी थापली.
पहिली कडेला चिरली, दुसरी बरी,
तिसरी वाऱ्याने पळवायच्या आत तव्यावर.
वांगं बराच वेळ सुस्कारत राहिलं,
मग देठाजवळ फुटलं, फस्सकन.
लसूण, मिरची, कांदा, चमचाभर तेल.
"मीठ कुठंय?"
"राहिलं वाटतं."

राहिलं नव्हतं.
बरणी मी पिशवीत ठेवली होती
आणि पुन्हा काढून ओट्यावर,
दोन्ही वेळा नीट विचार करून.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी निखारे सारखे केले.

"हात धुऊन येतो," म्हणत तो वाटी घेऊन गेला.
हात धुवायला वाटी कशाला लागते,
मी विचारलं नाही.
खालच्या वळणावर वेंडेल नावाचा म्हातारा
गळ टाकून बसला होता.
त्याच्या ट्रकपाशी हेरंब वाकून उभा,
शेजारणीकडे विरजण मागायला गेल्यासारखा.

वाटीत मीठ आलं, मागोमाग मिठाचा मालक.
पीठ चिमटीत धरून त्याने वास घेतला.
"सोरघम? आम्ही हे पाखरांना घालतो."
आणि पाखरासारखाच उभ्याउभ्या
भाकरी टिपत राहिला. दुसरा तुकडा मागून घेतला.
जाताना म्हणाला,
रात्री अन्न उघडं ठेवू नका, रॅकून येतात.

अंधार झाला. पलीकडे काजवे.
हेरंबने वाटी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली
आणि माझ्याकडे न बघता करंगळी उचलली.
मी पहिला घास अळणीच खाल्ला, हट्टाने.
धुराची चव होती, लसणाची होती,
आणि मध्येच कुठेतरी
अंधारात पायरी हुकल्यासारखं.
मग माझीच बोटं वाटीत गेली.
आधी माझ्या ताटलीत.
मग, एवढंसं, त्याच्या.

तो झोपला. रॅकून आले,
वाटी उपडी करून काहीतरी शिंकत गेले.
मी उठले नाही.
माझा कान त्याच्या छातीवर होता.
आत एक वाहत होती, बाहेर एक,
कुठला आवाज कुणाचा कळेना.

जागरण मला कुणी मना केलं नव्हतं.
खाल्ल्या मिठाला मी
उजाडेपर्यंत जागले.